खर्ड्याच्या आधीची बेरीज-वजाबाकी

७ जुलै १७८९ रोजी गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसने हैदराबादच्या निजाम अलीखानाला एक पत्र धाडले. नावाला ते पत्रच होते, पण तहाइतकेच बंधनकारक मानावे असे त्याच्या बाबतीत ठरले होते. १७६८च्या तहाप्रमाणे ईस्ट इंडिया कंपनीने हैदराबादला दोन पलटणी पुरवायच्या होत्या. त्या कधी आणि कोणाविरुद्ध वापरायच्या हे तहात मोघम राहिले होते, आणि कॉर्नवॉलिसने त्याचा खुलासा केला. पलटणी निजामाला हव्या तेव्हा मिळतील, मात्र कंपनीशी मैत्री असलेल्या सत्तांवर त्या चालवता येणार नाहीत. पुढे या मित्रांची नावे होती : पंडित प्रधान पेशवे, रघूजी भोसले, महादजी शिंदे, अर्काट आणि अयोध्येचे नवाब, तंजावर आणि त्रावणकोरचे राजे.

या यादीत मैसूरच्या टिपूचे नाव नव्हते, म्हणून इतिहासात तिची चर्चा होते ती टिपूच्या अंगाने. इंग्रज आपल्यावर उठणार याचा पुरावा त्याला त्यातच मिळाला. माझे लक्ष मात्र यादीतल्या पहिल्या नावाकडे जाते. पेशव्यांवर चालून जायची वेळ आली तर इंग्रजी पलटणी आपल्या नव्हेत, हे हैदराबादला लेखी कळवलेले होते. तरी पाच-साडेपाच वर्षांनी निजामाचा दिवाण पुण्याशी लढाईची भाषा बोलू लागला. ती कोणत्या हिशेबावर, हे शिल्लक कागदांतून जेवढे जुळते तेवढे जुळवून पाहायचे आहे.

कागद तीन जागचे आहेत. पहिले मिरजेचे. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली आणि त्यामुळे १७९५च्या खर्ड्याच्या स्वारीतल्या माणसांचे लिखाण आपल्यापर्यंत आले. दुसरे पुणे रेसिडेन्सीचे. सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांच्या देखरेखीखाली त्याचे खंड निघाले, त्यातला मराठे-निजाम संबंधांचा १७९२ ते १७९५चा खंड वि. गो. दिघे यांनी संपादला. पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि निजामाच्या दरबारातला रेसिडेंट विल्यम किर्कपॅट्रिक यांच्या डोळ्यांनी तो काळ त्यात दिसतो. तिसरा ग्रँट डफ. त्याचा मराठ्यांच्या इतिहासाचा ग्रंथ १८२६ साली निघाला, म्हणजे लढाईनंतर एकतीस वर्षांनी. पण पेशवाई बुडाल्यावर पुण्याची दप्तरे त्याच्या हाताखाली आली होती आणि त्या स्वारीत असलेली माणसे अजून हयात होती. बखरी आणि पोवाडेही आहेत. जिंकलेल्या लढाईला शाहीर कमी पडत नाहीत. फौजेचे आकडे मात्र मी त्यांच्याकडून घेणार नाही.

भांडण जुने होते. दक्षिणच्या सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी हा मराठ्यांचा हक्क, आणि तो बुडवणे, लांबवणे, हप्त्यांवर आणणे ही निजामाची रीत. १७२८ साली पालखेडला बाजीरावाने पहिल्या निजामाला पाण्यावाचून कोंडले आणि मुंगी-शेवगावचा तह झाला. १७६०च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला मोठा मुलूख घेतला. पुढल्याच वर्षी पानिपतानंतर त्यातला बराच भाग परत गेला. १७६३च्या ऑगस्टात राक्षसभुवनला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. दर वेळी एकाचे पारडे जड झाले की दुसरा वाकायचा आणि ते हलके झाले की दिलेले परत मागायचा. चौथाईची बाकी फुगत जायची, कारण ती वसूल करण्याचा एकच मार्ग होता आणि तो दर वर्षी परवडणारा नव्हता. १७९०च्या दशकात पुण्याच्या हिशेबाने ही बाकी दोन कोटी साठ लाखांच्या आसपास होती. हैदराबादचा हिशेब अर्थातच वेगळा होता.

१७९० ते १७९२ या दोन वर्षांत हेच शेजारी इंग्रजांसह टिपूविरुद्ध एका छावणीत होते. त्रिवर्ग तह झाला, श्रीरंगपट्टणला टिपूने अर्धे राज्य आणि दोन मुलगे ओलीस दिले. कॉर्नवॉलिसला वाटले, हीच त्रयी पुढे चालवावी. तिघांनी एकमेकांच्या मुलखाची हमी घ्यावी असा मसुदा त्याने पुढे केला. निजामाला तो मनापासून हवा होता. पुण्याला नको होता आणि याचे कारण उघड होते. हमी मान्य केली की चौथाईच्या बाकीसाठी निजामावर घोडी घालायची वाट इंग्रजांच्या दारावरून जाणार. महादजी आणि नाना फडणीस यांचे एकमेकांशी कितीही वाकडे असले तरी या बाबतीत दोघांची मते फारशी वेगळी नव्हती. मसुदा पडून राहिला. कॉर्नवॉलिस १७९३च्या ऑक्टोबरात गेला आणि सर जॉन शोअर त्याच्या जागी आला.

आता हैदराबादच्या बाजूने पाहू. दिवाण गुलाम सय्यद खान, म्हणजे मुशीरुल्मुल्क, पुढे अझीमुल उमरा, अरस्तूजाह. (हैदराबादी किताबांनी इतिहासवाचकाला जेवढे छळले आहे तेवढे मोडीनेही छळलेले नाही. एकच माणूस तीन लेखक तीन नावांनी आणतात आणि वाचक तिघे समजतो.) हा माणूस मूर्ख नव्हता. त्याने केलेला हिशेब त्या वेळी कोणालाही पटण्यासारखा होता. पहिली रक्कम : फ्रेंच रेमंडच्या हाताखालचे कवायती पायदळ. टिपूवरच्या स्वारीच्या वेळी ते लहान होते, ते आता झपाट्याने वाढून दहा हजारांच्या पुढे गेले होते. राक्षसभुवनच्या वेळी असे काही निजामाजवळ नव्हते. दुसरी रक्कम पुण्याच्या बाजूची वजाबाकी : १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला महादजी शिंदे वारले. गादीवर आलेला दौलतराव पोरवयाचा. त्याच वर्षी जूनमध्ये हरिपंत फडके गेले. पेशव्यांच्या फौजा ज्यांनी वर्षानुवर्षे चालवल्या आणि निजामाची नाडी ज्यांना ठाऊक होती त्यांतले ते एक. चार महिन्यांत पुण्याची दोन माणसे गेली. तिसरी रक्कम इंग्रजांची, आणि चूक झाली ती हिच्यातच. दोन पलटणी भले लढणार नाहीत. पण टिपूवर ज्याच्या खांद्याला खांदा लावून गेलो तो शेजारी बुडताना कंपनी नुसती बघत बसेल काय? १७८९चे पत्र काहीही म्हणो, हमीचा मसुदा इंग्रजांनीच तर आणला होता.

पुण्याच्या बाजूचा हिशेब हैदराबादेतूनच लिहिला जात होता. गोविंदराव काळे हे तिथले पेशव्यांचे वकील. त्यांचे १७९३चे नानांना लिहिलेले पत्र मराठी वाचकाला अटकेच्या उल्लेखामुळे ठाऊक आहे आणि भाषणांतून ते झेंड्यासारखे फडकते. पण ते पत्र कोठे बसून लिहिले आहे ते लक्षात घेऊन वाचले की त्याचा रोख दिसतो. नाना आणि महादजी यांचा मिलाफ झाल्याचा आनंद त्यात आहे आणि तो टिकवण्याची काळजीही आहे. शेजारच्या दरबारात रोज उठून बसणाऱ्या माणसाला हे पक्के माहीत होते की तिथे पुण्याची फौज मोजली जाते ती घोड्यांवरून नव्हे. नाना आणि शिंदे एक आहेत की नाहीत, एवढ्यावरून ती मोजली जाते. महादजी गेल्यावर हा प्रश्न जास्तच टोकदार झाला.

बोलणी १७९४भर चालली. निजामाकडून मीर आलम पुण्याला आला. हिशेबाची कागदपत्रे इकडून तिकडे गेली, कलमावर कलम आले. मग दरबारात एक प्रसंग घडला, तो डफने दिला आहे. मुशीरुल्मुल्क म्हणाला की हिशेब समजावायला नाना फडणिसाने स्वतः हैदराबादला यावे. गोविंदराव म्हणाले, नानांना पुष्कळ कामे आहेत, ते कसे येणार? त्यावर दिवाणाने भर दरबारात सुनावले की कसे आणायचे ते आपण दाखवू. पेशव्याला लंगोटी लावून, हातात लोटा देऊन काशीच्या घाटावर जप करायला बसवू, अशीही भाषा चालू होती म्हणतात. डफ याला युद्धाची घोषणाच समजतो. मी जरा सावध राहीन. जिंकलेल्या बाजूच्या आठवणीत हरलेल्याची वल्गना नेहमी जास्त रसाळ होते. पण वकिलाचा अपमान झाला आणि त्यानंतर पुण्याने फौजा बोलावल्या, हा क्रम पक्का आहे.

कलकत्त्यात या वेळी शोअर आपल्या टिपणांत तिसराच हिशेब मांडत होता. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत निर्णायक कागद तोच, असे माझे मत आहे. त्रिवर्ग तह टिपूविरुद्ध आहे. त्यातले दोन मित्र आपसांत लढले तर एकाची बाजू घेण्याचे बंधन कंपनीवर येत नाही. पार्लमेंटचा १७८४चा कायदा देशी राजांच्या भांडणात पडण्याला मनाई करतो. शिवाय निजामाला मदत केली तर समोर एकटे मराठे असणार नाहीत. टिपूचे मुलगे १७९४मध्ये परत गेले होते, त्याचे हात मोकळे झाले होते. तो मराठ्यांना मिळाला तर कंपनीला दोन आघाड्या. युरोपात फ्रान्सशी युद्ध चालूच होते. शोअरने ठरवले : तटस्थ. पुढे गव्हर्नर-जनरल झालेल्या वेलस्लीच्या पंथातल्या माल्कमसारख्या लेखकांनी या निर्णयाबद्दल त्याला फार झोडपले, त्याने मित्राला वाऱ्यावर सोडले म्हणाले. त्यांचे लिखाण वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की वेलस्लीचे धोरण बरोबर ठरवायला शोअरचे चूक ठरणे त्यांना आवश्यक होते.

शोअरच्या टिपणातली मला चटका लावणारी गोष्ट वेगळी आहे. मराठे किती आणि निजाम किती याचा तोल त्याने केलाच नाही. मध्ये पडलो तर आपल्यावर काय येईल, एवढेच त्याने तोलले. शेजाऱ्यांच्या लढाईत तिसऱ्याचा काटा असाच चालतो. निजामाने मात्र त्याला आपल्या पारड्यात आधीच टाकून ठेवले होते.

नानांनी हे आधी ओळखले होते. मॅलेटशी त्यांचे बोलणे चालू होते आणि इंग्रज मध्ये पडणार नाहीत याचा अंदाज आल्यावरच त्यांनी सरदारांना हाका घातल्या. नागपूरहून रघूजी भोसले, तुकोजी होळकर, दौलतराव शिंदे, मिरज-तासगावकडून परशुरामभाऊ पटवर्धन, शिवाय हुजरात, म्हणजे पेशव्यांची खास फौज. पेशव्यांच्या झेंड्याखाली सगळे सरदार एकत्र येण्याची ही शेवटची वेळ ठरली.

आता आकडे. डफ म्हणतो, मराठ्यांची फौज एक लाख तीस हजार, शिवाय दहा हजार पेंढारी. त्यात दौलतरावाकडचे पंचवीस हजार. त्यांपैकी दहा हजार कवायती पायदळ, शिंद्यांच्या कवायती फौजेचा प्रमुख दि बॉयन याचा दुय्यम पेराँ याच्या हाताखालचे. भोसल्यांचे पंधरा हजार. होळकरांचे दहा, त्यांत दुद्रनेकच्या हाताखालचे दोन हजार कवायती शिपाई. परशुरामभाऊंचे सात. बेरीज करून पाहा : सत्तावन्न हजार होतात. उरलेले त्र्याहत्तर हजार पेशव्यांच्या खजिन्यातून पोसलेले किंवा त्यांच्या हुकमतीतल्या जहागीरदारांचे, आणि डफही अर्ध्याहून अधिक फौज अशी होती असेच म्हणतो. आकडे आपसांत जुळतात म्हणून ते खरे असा मात्र अर्थ नव्हे. सरंजामी फौजेत तैनातीचा आकडा एक आणि हजिरीचा एक. पाचशे घोड्यांचा सरंजाम खाणारा तीनशे आणतो, त्यांतले काही गणतीपुरते भाड्याचे असतात, हे पेशव्यांच्या कारकुनांना चांगले माहीत होते आणि त्यासाठीच गणतीची एवढी यातायात होती. उलट बाजूने बुणगे, बाजारकरी, साईस हे कोणत्याच यादीत नसतात, पण लांबून पाहणाऱ्याला फौजच दिसतात. निजामाची फौज लाखाच्या घरात धरतात, तिलाही हाच नियम लावावा. दोन्ही बाजूंनी कागदावरची गळती सारखीच धरली तर प्रमाण साधारण बरोबरीचे राहते, मराठ्यांकडे थोडे झुकते.

म्हणजे निजामाचा निव्वळ फौजेचा हिशेब फारसा चुकला नव्हता. दहा-बारा हजार गाडद्यांसमोर, म्हणजे कवायती शिपायांसमोर, दहा-बारा हजार गाडदी, घोडदळासमोर घोडदळ. पालखेडला जसा बाजीरावाच्या चपळ घोडदळापुढे निजामाचा अवजड मोगली तोफखाना होता, तसा फरक आता उरलाच नव्हता. दोन्हीकडे फ्रेंच शिकवणीच्या पलटणी, दोन्हीकडे तोफा. बरोबरी असली की लढाई टळते असे पुष्कळांना वाटते. इथे तर बरोबरी आली म्हणूनच निजामाला चौथाईचा जुना हिशेब फाडून टाकायची उमेद आली.

१७९५च्या जानेवारीत पेशव्यांचा मुक्काम पुण्याबाहेर हलला. पेशवे सवाई माधवराव वीस वर्षांचे, स्वारीत बरोबर. निजाम बिदरकडून मांजरेच्या अंगाने आला. बरोबर जनाना होता. जनान्याच्या रखवालीला ‘जफर पलटण’ नावाने दोन हजार बायकांच्या पलटणी होत्या, लाल गणवेशातल्या, कवायत शिकलेल्या. त्यांच्याबद्दल डफने तळटीप दिली आहे. त्या दिवशी उरलेल्या फौजेहून त्या काही वाईट वागल्या नाहीत, असे ती सुचवते. टोमणा आहे, पण मला तो पुरुषांनाच बसतो असे वाटते.

११ मार्चला, फाल्गुन वद्यात, मोहरी घाट उतरून निजामाची फौज खर्ड्याच्या बाजूला येऊ लागली. मराठ्यांचे सेनापतिपद परशुरामभाऊंकडे. ते थोडक्या लोकांनिशी पुढे पाहणीला गेले असता निजामाकडच्या पठाणांनी त्यांना गाठले. भाऊ जखमी झाले, पटवर्धनांकडचा विठ्ठलराव पडला. दिवसाची सुरुवात मराठ्यांची चांगली झाली नाही. आघाडी फुटली, पठाण मागे रेटत आले. मग शिंद्यांच्या आणि पेराँच्या तोफा आणि भोसल्यांचे बाण एकदम सुटले आणि मोगली घोडदळाचा भर ओसरला. रेमंडचे पायदळ मात्र जाग्यावर उभे होते, आणि चांगले लढत होते. खर्ड्याच्या कोणत्याही वर्णनात त्याच्या पलटणी मोडल्या असे नाही. निजामानेच त्यांना मागे बोलावले, कारण जनाना जवळ होता आणि त्याला भीती वाटू लागली होती.

पुढची गोष्ट लढाई म्हणावी अशी नाही. अंधार पडला. वद्य पक्षातला चंद्र रात्र बरीच उलटल्यावर उगवायचा. मराठ्यांची एक लहान टोळी घोडी पाण्यावर घेऊन ओढ्याकडे गेली, ती मोगलांच्या छावणीच्या तोंडावर. चाहूल लागताच गोळी सुटली, त्या गोळीला दुसरी, आणि अंधारात कोण कोणावर झाडतो आहे कळेना. निजाम जनान्यासह उठला आणि खर्ड्याच्या गढीत शिरला. धनी नाही म्हटल्यावर फौज पांगली, जाता जाता आपलेच बुणगे लुटत गेली. सकाळी मराठ्यांना समोर तोफा, दारूगोळा, सामानाचे गाडे दिसले, पण माणसे नव्हती. खर्ड्याचा किल्ला निजामाच्याच पदरच्या निंबाळकरांचा. दख्खनच्या सुभेदाराला दिवस काढायला तो फार लहान. त्याला वेढा पडला. पाणी आणि दाणावैरण दोन्ही मराठ्यांच्या हाती गेल्यावर बोलणे सुरू झाले. दोन्ही बाजूंना माणसे फार थोडी मेली होती.

दोन्ही फौजा जवळपास सारख्या होत्या, म्हणून निकाल संख्येने किंवा कवायतीने लागला नाही, एवढे कागदांवरून म्हणता येते. रेमंडची पलटण जी करू शकत होती ते ती करत होती. तिला हुकूम देणाऱ्याच्या मनात इंग्रज आले नाहीत, आता येणार नाहीत, ही गोष्ट त्या रात्रीपुरती तरी पक्की बसलेली होती. यातला शेवटचा भाग माझा तर्क आहे. निजामाच्या मनात काय होते हे कोणत्याही कागदात लिहिलेले नाही.

तह झाला. मराठ्यांना मिळाले : दौलताबादचा किल्ला, दक्षिणेस परांड्यापासून उत्तरेस तापीपर्यंतचा सरहद्दीचा पट्टा, सदाशिवरावभाऊंनी उदगीरला घेतलेल्या आणि मग परत गेलेल्या मुलखातला काही भाग. बाकी आणि स्वारीखर्चाबद्दल तीन कोटी. भोसल्यांना वेगळा तीन लाख अठरा हजारांचा मुलूख आणि थकबाकी एकोणतीस लाख. आणि ज्याने नानांना हैदराबादला आणायचे म्हटले होते तो मुशीरुल्मुल्क स्वतःच जामीन म्हणून पुण्याला निघाला. त्याला भेटीला आणले त्या दिवशी तरुण पेशवा उदास होता. नानांनी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की एकाने लाज सोडून शरणागती दिली आणि दुसरे न लढता मिळालेल्या जयाचा डौल मिरवताहेत, दोन्हीकडचा हा ऱ्हास बघवत नाही. हा प्रसंग डफ देतो. एकतीस वर्षांनी, सगळे बुडाल्यावर. नेमके तसेच शब्द एकवीसही पुरे न झालेल्या पोराच्या तोंडी असतील का, मला शंका आहे. पण डफला हे सांगणाऱ्या पुणेकराला तसे वाटत होते, हे नक्की.

पेशवा २७ ऑक्टोबर १७९५ रोजी शनिवारवाड्यात माडीवरून पडून गेला, आणि खर्ड्याला मिळालेली प्रत्येक गोष्ट वारसाच्या भांडणात परत करण्याच्या किमतीची झाली. नानांना दुसऱ्या बाजीरावाच्या गादीच्या प्रकरणात निजामाची मदत हवी होती. १७९६च्या ऑक्टोबरातल्या महाडच्या करारात त्यांनी ती विकत घेतली. खर्ड्याला घेतलेले बरेचसे परत आणि मुशीरुल्मुल्क मोकळा. दोन वर्षे पुण्यात राहून, पुण्याचे घर आतून पाहून तो हैदराबादला गेला.

निजामाने खर्ड्याहून परतल्यावर रागाने त्या दोन इंग्रजी पलटणींना निरोप दिला होता आणि सगळा भार रेमंडवर टाकला होता. थोड्याच महिन्यांत मुलगा अलीजाह उलटला तेव्हा इंग्रजांना परत बोलावावे लागले. रेमंड २५ मार्च १७९८ रोजी वारला. त्याच वर्षी वेलस्ली गव्हर्नर-जनरल म्हणून आला. १ सप्टेंबर १७९८च्या तहाने सहा पलटणी हैदराबादला आल्या, वर्षाला चोवीस लाख सतरा हजार शंभर रुपयांच्या खर्चाने, आणि २२ ऑक्टोबरला रेमंडच्या फौजेची हत्यारे काढून घेतली गेली. खर्ड्याला जी पलटण मोडली नव्हती ती तिथे मोडली.

१२ ऑक्टोबर १८०० रोजी आणखी एक तह झाला. तोपर्यंत टिपू मेला होता आणि नाना फडणीस त्याच वर्षी मार्चात गेले होते. या तहाने निजामाला कोणीही विनाकारण हल्ला केला तरी कंपनीचे संरक्षण मिळाले. हैदराबादच्या बाजूने तो जुळवणारा दिवाण मुशीरुल्मुल्कच होता. कॉर्नवॉलिसच्या पत्रातल्यासारखी मित्रांची यादी या तहात नव्हती.